जिन्यासाठी धावलो, त्याची हकीकत

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. एरवी हे दोन शब्द हात सवयीने लिहून मोकळा होतो, पण आज त्यात तसूभरही खोटं नाही. मी खरोखरच आठही अंगं गादीला टेकवून पालथा पडलो आहे आणि उशीवर जाड पुस्तक ठेवून त्यावर कागद धरून लिहितो आहे. ओळी उताराला लागल्या आहेत, मधूनच एखादं अक्षर पानाबाहेर गेलं आहे, तेवढं सांभाळून घे. उठून बसायला काहीच हरकत नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातंय?

तुझे गुडघे कसे आहेत? (माझ्या गुडघ्यांची चौकशी उलट टपाली करू नकोस. सध्या आमचं बोलणं बंद आहे.) भावोजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नकोस. तू वाचशील आणि माझी सगळी अब्रू तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचेल. त्यांना नुसतं सांग की मी मजेत आहे आणि थोडा थकलो आहे. यातला दुसरा भाग खरा आहे.

तर ताई, तुझा हा भाऊ मॅरेथॉन पळाला. आता चष्मा काढून पुसून पुन्हा वाच, तेच लिहिलेलं दिसेल. लहानपणी तू मला दुकानात पिटाळायचीस तेव्हासुद्धा मी कधी पळत गेलो नाही, आणि त्यानंतरची तीस वर्षं मी एका स्टुलावर बसून लोकांच्या कवळ्या बनवण्यात काढली. मेण, प्लास्टर, कानस आणि खिडकीतून येणारा तिरपा उजेड, एवढंच माझं जग. दिवसभरात मी भट्टीपासून बेसिनपर्यंत जातो तीच माझी पायपीट. अशा माणसाने बेचाळीस किलोमीटर पळायचं कसं काय ठरवलं, असं तू विचारशील. मी ठरवलंच नव्हतं. मी फक्त मान हलवली.

झालं असं की मुलींच्या वसतिगृहाच्या बाई एक दिवस थेट माझ्या कामाच्या खोलीत आल्या. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. दूरदूरच्या वस्त्यांवरच्या ज्या मुलींची शाळा मध्येच सुटते, त्यांना आणून ठेवतात, खाऊपिऊ घालतात आणि दहावीपर्यंत शिकवतात. दहावीपर्यंतच, कारण घर एकमजली आहे आणि पलंग मोजके. पुढे शिकायचं म्हटलं तर वर एक मजला चढवायला हवा, त्यासाठी बाई वर्षानुवर्षं लोकांच्या दारात उभ्या राहतात. लोक त्यांना पाहून दिवे घालवतात, एवढी त्यांची कीर्ती आहे. मला दिवा घालवता आला नाही, कारण त्या गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या. खालची कवळी टोचत होती, दातांचे डॉक्टर गावाला गेलेले. मी ती काढून घेतली आणि कानशीने घासायला बसलो. बाई बोलू लागल्या.

आता, दात नसलेल्या माणसाचं बोलणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. सगळे शब्द हवेचे होतात. तीस वर्षांच्या अनुभवाने मी एवढं शिकलो आहे की कवळी काढलेला माणूस एक तर कुठे दुखतं ते सांगत असतो, नाही तर सून कशी आहे ते सांगत असतो. दोन्हीला मान हलवली की पुरतं. मी हलवत गेलो. बाई हातवारे करत होत्या, मी "हो हो, बरोबर", "का नाही, नक्की" असं म्हणत होतो. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, तेव्हा मी जरा जास्तच जोरात मान हलवली. मग कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी बसवली, दोनदा चावून पाहिली आणि मुख्याध्यापिकेच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तर मग ठरलं. नाव आजच देऊन येते. माझ्या मुलींसाठी पळणारा पहिला माणूस तुम्ही."

मी घरी जाऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. ती नुकतीच पाणीपट्टीच्या खिडकीवरून लोकांच्या शिव्या खाऊन आली होती आणि चहाचा कप तोंडाला लावला होता. म्हटलं, "मला बेचाळीस किलोमीटर जायचंय." ती म्हणाली, "बसने?" मी म्हटलं, "पळत." तिने कप खाली ठेवला, माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हसली नाही. ताई, ती हसली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि विम्याची कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत ते पाहून आली.

नाव मागे घेता आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी त्यासाठीच वसतिगृहात गेलो होतो. पण तोवर बाईंनी सगळ्या पेठेत फिरून बातमी पसरवली होती आणि लोकांनी अटी घालून शब्द दिले होते. पैशाचं नाव कोणी काढलं नाही, सगळ्यांनी वस्तू कबूल केल्या. तेही असे बेरकी, की मी जेवढा पळेन तेवढंच द्यायचं. लोखंडी सामानाचा दुकानदार म्हणाला, अर्धं अंतर पळाले तर वरच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या माझ्या. लाकडाच्या वखारीवाल्याने तीस किलोमीटरला दारं लावली. तुझ्या भावजयीच्या कचेरीने नळ देऊ केले. (तेही तिसाव्यालाच. तिथे तिला विचारून घेतलं होतं की हा कुठवर टिकेल.) आणि माझे दातांचे डॉक्टर, ज्यांच्यासाठी मी कवळ्या बनवतो, जे स्वतः रोज व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवतात, ते एका पेशंटचं तोंड उघडं ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पूर्ण पळालात तर जिना माझा. कठड्यासकट. रांगत गेलात तरी चालेल. पण मागून उचलायला गाडी येते, तिच्यात बसलात तर एक पायरी मिळायची नाही." पेशंटने घशातून काहीतरी आवाज काढला. त्याला साक्षीदार धरायचं ठरलं.

म्हणजे बघ, मी अर्ध्यात पडलो तर खिडक्या येणार, तिसाव्यात पडलो तर दारं आणि नळही येणार, पण वर जायला वाट नाही. असा मजला बांधून ठेवला तर लोक पिढ्यान्‌पिढ्या बोट दाखवून सांगतील की ज्याच्यामुळे जिना आला नाही तो हा कवळीवाला.

मला शिकवायला बाईंनी वसतिगृहातली एक मुलगी दिली. पंधरा वर्षांची, काटकुळी, शाळेतर्फे पळण्याच्या शर्यती जिंकलेली. तिला सगळे 'वकील' म्हणतात, कारण ती कुठलीही गोष्ट मुकाट्याने ऐकत नाही. रोज सकाळी ती आमच्या दाराशी उभी. मी कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन थांबलो की म्हणायची, "काका, का थांबलात?" मी म्हणायचो, "श्वास घेतोय." त्यावर ती म्हणायची, "तो पळतानाही घेता येतो, मी घेते." बेकरीपाशी एक पिवळा कुत्रा झोपायचा. पहिल्या दिवशी तो माझ्यामागे भुंकत धावला, तेव्हा मला जरा बरंच वाटलं, निदान कोणीतरी मला पळणारा समजलं. पुढे पुढे तो नुसती मान वर करून बघायला लागला. नंतर नंतर तेही सोडलं.

बूट घ्यायला गेलो तर दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, पळताना तुमचा पाय आत वळतो की बाहेर?" मी म्हटलं, "घराकडे वळतो." तो हसला नाही. त्याने मला एका पट्ट्यावर पळायला लावलं, माझी पावलं पडद्यावर पाहिली, दुसऱ्या पोराला बोलावून दाखवली आणि मग दोघांनी मिळून मला दुकानातले सगळ्यात जाड बूट विकले. त्या बुटांनी माझ्या पायांची नखं निळी केली, मग काळी केली. आता दोन नखं मी डबीत जपून ठेवली आहेत. का, ते विचारू नकोस.

पण खरं संकट अंगातल्या कपड्यावर होतं. बाईंनी माझ्यासाठी खास बनियन छापायला टाकला होता. मजकूर साधा होता: 'मी मुलींच्या मागे उभा आहे.' भावना चांगली आहे, कोणी नाही म्हणणार नाही. छापणाऱ्याने अक्षरं मोठी घेतली, ती पाठीवर मावेनात, म्हणून त्याने उरलेली पुढे पोटावर आणली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पुडकं उघडलं तेव्हा कळलं. पाठीवर ठळक लाल अक्षरांत 'मी मुलींच्या मागे', आणि पोटावर 'उभा आहे'. तुझी भावजय तेव्हा हसली, ताई. इतके दिवस साठवलेलं सगळं एकदम हसली. भिंतीला धरून हसली. बदलायला वेळ नव्हता आणि हा बनियन घातला नाही तर बाईंना वाईट वाटेल, म्हणून सकाळी मी तो अंगात चढवला आणि घराबाहेर पडलो.

सुरुवातीला हजारभर माणसं होती. सगळी उड्या मारत, हातपाय ताणत, एकमेकांचे फोटो काढत. मी एका विजेच्या खांबाला टेकून उभा होतो. बंदूक वाजली, गर्दी हलली आणि तिच्याबरोबर मीही हललो. पहिले काही किलोमीटर फार वाईट गेले नाहीत. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर लोक बसले होते, टाळ्या वाजवत होते. वकील वयाने लहान म्हणून तिला शर्यतीत घेतलं नव्हतं, ती फुटपाथवरून माझ्या बरोबरीने पळत होती, खांब चुकवत, फळांच्या गाड्या ओलांडत, आणि मला दमही लागायच्या आत सांगत होती की दमू नका.

माझ्या पुढे सहा बायकांचा एक घोळका होता. त्यांचा वेग मला झेपत होता, म्हणून मी त्यांच्या मागून चाललो होतो, दुसरा काही हेतू नव्हता. पण माझ्या मागून येणाऱ्यांना माझी पाठ दिसत होती. ती वाचून कोणीतरी चौकातल्या पोलिसबाईंना सांगितलं. त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. (थांबायला मिळालं म्हणून मी त्यांचे आभार मानले, तेच चुकलं.) त्या म्हणाल्या, "काय काका, या वयात? आणि वर छापून?" मी घाईघाईने वळून त्यांना पुढची बाजू दाखवली. तिथे 'उभा आहे' वाचून त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय आणखी वाढला. एवढ्यात वकील रस्ता ओलांडून आली आणि तिने बाजू घेतली. वाक्य अर्धवट वाचून माणसाला धरता येतं का, विरामचिन्ह कुठे दिसतंय का, काकांना गोल फिरवून सलग वाचा. मग मला भर चौकात गोल फिरवलं गेलं. दोनदा, कारण पहिल्यांदा मी पोटाच्या बाजूने सुरुवात केली आणि वाक्य 'उभा आहे मी मुलींच्या मागे' असं झालं. पोलिसबाई वाचता वाचता हसायला लागल्या. म्हणाल्या, "जा. पण अंतर ठेवून पळा." तोवर त्या सहाजणी दिसेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे अंतराचा प्रश्न मिटलाच.

अर्ध्यावर लोखंडी सामानवाला उभा होता. त्याच्या तोंडावर खिडक्या गेल्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं. तिथून पुढे ऊन चढलं. सावलीची बाजू संपली, पेट्रोलपंप, गोदामं, टायरची दुकानं असा लांबच लांब सरळ रस्ता लागला. मला मागे टाकून आधी तरुण गेले, मग माझ्या वयाचे, मग माझ्या बापाच्या वयाचा एक म्हातारा शांतपणे बोलत बोलत गेला. फोनवर बोलत होता, ताई! कोणाला तरी भाजी काय आणू ते विचारत होता. पाणी द्यायला उभी असलेली मंडळी टेबलं आवरत होती, मला पाहून त्यांना पुन्हा एक ग्लास बाहेर काढावा लागला. एका टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या चौघांनी माझ्या पोटावरचं 'उभा आहे' वाचलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि एकजण अगदी सहानुभूतीने म्हणाला, "दिसतंय."

तिसावा किलोमीटर गेला. दारं आली, नळ आले. आणि मग ती गाडी आली.

मागे राहिलेल्यांना उचलायची ही गाडी म्हणजे एक पांढरी मिनी बस. ती माझ्या अगदी मागे लागली, कारण माझ्या मागे आता दुसरं कोणी नव्हतं. ड्रायव्हर सज्जन माणूस. खिडकीतून डोकं काढून तो माझ्याशी बोलत राहिला. "बसा ना काका. आत पंखा आहे." थोड्या वेळाने, "केळी आहेत." मग आणखी थोड्या वेळाने, अगदी रडवेल्या आवाजात, "काका, तुम्ही शेवटचे. तुम्ही बसलात की माझी ड्युटी संपते. घरी सासरे आलेत." बसमध्ये बसलेली मंडळी बिस्किटं खात होती, ती सरकून बसली आणि खिडकीजवळची जागा थोपटून मला दाखवू लागली. माझ्या पोटऱ्यांमध्ये कोणीतरी दोरी बांधून पिळत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. मी विचार केला, खिडक्या मिळाल्या, दारं मिळाली, जिन्याचं काय, कोणीतरी देईल. मी दांडी धरली आणि एक पाय बसच्या पायरीवर ठेवला.

वकील वाद घालेल अशी माझी तयारी होती. तिने तो घातला नाही, म्हणून मलाच बोलावं लागलं. म्हटलं, "तू काळजी करू नकोस. तुझी अकरावी सुरू होईपर्यंत शिडी तरी लावूच."

"मला कशाला?" ती म्हणाली. "मजला व्हायला वर्ष जाईल. माझी दहावी झाली. पलंग सोडावा लागणार. मामा येतोय न्यायला, त्याच्या मालकाकडे डबे भरायचं काम आहे."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग इतके दिवस माझ्यासाठी सकाळी उठून घसा कशाला फोडत होतीस?"

ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. "खोलीत धाकट्या दोघी आहेत, आठवीतल्या. त्यांना लागेल ना."

तिने ते 'आज गुरुवार आहे' म्हणावं तसं सांगितलं. मी पाय खाली घेतला. यात थोरपणा काही नव्हता ताई, मला राग आला होता. त्या मामाचा, त्याच्या मालकाचा, त्या डब्यांचा, पलंग मोजके ठेवणाऱ्या घराचा आणि मजला हवा म्हणताना हे मधलं वर्ष कोणी बघायचं ते न सांगणाऱ्या बाईंचासुद्धा. रागाच्या भरात माणूस किती पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. बरंच पळतो. मागून ड्रायव्हरने सुस्कारा टाकला आणि गिअर बदलला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी पळत होतो असं वकील म्हणते, चालत होतो असं ड्रायव्हर म्हणतो. रस्ते वाहनांना मोकळे झाले होते, म्हणून मला फुटपाथवर चढवलं, तिथे लोक पिशव्या घेऊन घरी चालले होते आणि त्यातले बहुतेक माझ्या पुढे जात होते. शेवटी मैदान दिसलं. शेवटच्या रेषेवर हवा भरलेली मोठी निळी कमान होती. मी तिथे पोचलो तेव्हा तिथल्या कामगारांनी पंखा बंद केला होता आणि कमान हळूहळू बसत होती. वसतिगृहाच्या सगळ्या मुली किंचाळत होत्या. मी कमानीखाली शिरलो आणि त्याच क्षणी ती सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली. आत अंधार होता, थंड होतं आणि रबराचा वास येत होता. खरं सांगू का, मला बाहेर यावंसं वाटत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कोणी पळा म्हणत नव्हतं. पण मुलींनी हात धरून मला दुसऱ्या बाजूने ओढून काढलं.

बाहेर दातांचे डॉक्टर उभे होते, हाताची घडी घालून. मी कमानीखालून गेलो की कमान माझ्यावरून गेली, हा त्यांचा मुद्दा होता. तिथेच गवतावर खटला उभा राहिला. मी आडवाच होतो. डॉक्टरांनी ड्रायव्हरला विचारलं, "हे गाडीत चढले होते का?" सासऱ्यांच्या चिंतेत असलेला तो माणूस म्हणाला, "एक पाय." डॉक्टरांचा चेहरा उजळला. वकील म्हणाली, "तुम्ही बसलात तर असं म्हणाला होतात. एका पायाने माणूस बसतो का? बसून दाखवा." डॉक्टर म्हणाले, "बरं, पण रेषा?" ती म्हणाली, "डोकं रेषेच्या पलीकडे निघालं की नाही? पाय अलीकडे राहिले तर राहिले, तुम्ही रांगलेलं चालेल म्हणालात." तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. गालावर हात धरून म्हणाला, "मी ऐकलंय. माझं तोंड उघडं होतं, पण कान बंद नव्हते." डॉक्टरांनी हाताची घडी सोडली. मग माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच विचारलं, "कठडा लोखंडी हवा की लाकडी?"

तर असं झालं. बाई रडल्या. तुझ्या भावजयीने सगळ्यांसमोर माझे मोजे काढले, पायांकडे पाहिलं आणि मग ती माझ्यावर एक शब्दही रागावली नाही, यावरून पायांची कल्पना कर. मला आता जिना उतरता येत नाही, चढताही येत नाही. कामं साठली आहेत, तीन माणसं दातांवाचून बसली आहेत आणि खिडकीखाली येऊन मला काहीतरी म्हणतात, पण काय ते कळत नाही. आता मी कोणाला मान हलवत नाही.

थकलो गं. बाकी ठीक.

भावोजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा, पडल्या जागेवरून.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. तुझ्याकडे माडीवरची माझ्या भाच्याची खोली तो परदेशी गेल्यापासून रिकामी आहे आणि तुझ्या घरापासून विज्ञानाचं कॉलेज दोन गल्ल्यांवर, त्याला पळायचं मैदानही आहे. तुझी भावजय आणि बाई परवा त्या मुलीच्या मामाला भेटून आल्या. तो वाईट माणूस नाही, गांजलेला आहे. म्हणाला, घरच्यासारख्या माणसांकडे राहत असेल तर शिकू दे. तुझ्या भावजयीने त्याला सांगितलं की माझ्या नणंदेने कधीच होकार दिला आहे. मी म्हटलं, अगं, ताईला विचारलं तरी आहे का? तर म्हणाली, विचारलं की ती आधी दोन दिवस रागावणार आणि मग हो म्हणणार, तर ते दोन दिवस कशाला घालवायचे? मुलगी खाते कमी असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. भरपूर खाते.

पुन्हा ता. क. : हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या मुलीने ते हातात दिलं ती अजून दारातच उभी असेल आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघत असेल. तू वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही असं मी तिला बजावून पाठवलं आहे. त्या बिचारीला इतका वेळ गप्प राहायची सवय नाही, तेव्हा कागद बाजूला ठेव आणि तिला आत घे. आणि आधी तिचं नाव विचार. आम्ही इथे सगळेच वकील वकील म्हणत राहिलो. काल बॅग भरताना ती म्हणाली, "काका, तिथे मला माझ्या नावाने हाक मारतील का?" मी म्हटलं, ताईला सांगून बघतो.